वाचक विचारतात : फौजी वडिलांची काळी पेटी

घरातल्या जुन्या कागदपत्रांविषयी प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांत काळी लोखंडी पेटी पुन्हापुन्हा भेटली. त्यात नवल नाही. महूची छावणी हाकेवर असल्यामुळे फौजेतून निवृत्त होऊन इंदुरातच घर केलेली मराठी माणसं पुष्कळ. ती एकेक करून जात आहेत आणि पेट्या मुलांकडे येत आहेत. म्हणून हे पूर्ण सदर त्या पेटीसाठी.

प्रश्न : बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १९८८ साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले. यंदा त्यांचं वर्षश्राद्ध. पेटीत सात मेडल्स निघाली. भिंगाने पाहिलं तर काहींच्या कडेवर २७ने सुरू होणारा नंबर आहे, काहींवर 'जेसी'ने सुरू होणारा वेगळाच. हुद्देही निरनिराळे. दुसऱ्या कुणाची मेडल्स आमच्याकडे आली आहेत का? ती चकचकीत करून फ्रेममध्ये लावायचा विचार आहे. — एक वाचक, सुदामानगर

मेडल्स बाबांचीच आहेत, आणि नंबर बदलला हीच त्यांतली महत्त्वाची खूण आहे. शिपाई म्हणून भरती होताना जो नंबर मिळतो तो हवालदारापर्यंत चालतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे नंबर २७ने सुरू होतात. नायब सुभेदार झालं की माणूस जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर होतो आणि त्याला 'जेसी'चा नवा नंबर मिळतो. मेडलच्या कडेवर त्या वेळचा नंबर, त्या वेळचा हुद्दा, नाव आणि रेजिमेंट येते. म्हणजे सात मेडल्स हुद्द्यांच्या क्रमाने मांडलीत की शिपाई ते सुभेदार हा सगळा जिना समोर येईल. दोन्ही नंबर एका कागदावर लिहून ठेवा. पुढे रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिताना दोन्ही लागतात, आणि एकच दिला की 'नोंद आढळत नाही' असं उत्तर येण्याची वाट मोकळी होते.

आता मेडल्स काय सांगतात ते. मेडलचं नाव बहुधा त्याच्यावरच असतं. रक्षा मेडल १९६५ असेल तर ५ ऑगस्ट १९६५ रोजी बाबा फौजेच्या पटावर होते, एवढाच त्याचा अर्थ. ते लढाईत उतरले होते असं त्यावरून म्हणता येत नाही. समर सेवा स्टार १९६५ मात्र लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना मिळाला. १९७१चंही तसंच आहे. संग्राम मेडलचा परीघ मोठा, तर पश्चिमी स्टार आणि पूर्वी स्टार त्या-त्या आघाडीवरच्यांना. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर आडवी धातूची पट्टी असते. तिच्यावर 'हिमालय', 'जम्मू-काश्मीर', 'नेफा' (आजचा अरुणाचल) असं क्षेत्राचं नाव येतं, ते जरूर वाचा. १९७२चं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आणि नऊ नि वीस वर्षांच्या नोकरीची मेडल्स पुष्कळांकडे असतात. श्रद्धांजलीच्या मजकुरात 'दोन युद्धांत पराक्रम गाजवला' असं लिहिण्याआधी स्टार आहे की नुसतं मेडल, एवढं पाहून घ्या. पुण्यतिथीला बाबांच्या पलटणीतलं कुणी आलं तर त्याची नजर आधी तिथेच जाते.

चकचकीत करायचं मात्र डोक्यातून काढा. कडेवरची अक्षरं फार खोल नसतात. पितळ घासायची पावडर, चिंच, लिंबू, पॉलिशची बाटली यांतलं काहीही वापरलं की दर वेळी अक्षरांचा थोडा थर जातो, आणि खाचांत पांढरा गाळ बसतो तो निघत नाही. बहुतेक गोल मेडल्स तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची असतात. त्यांना मऊ सुती कापड पुरतं. स्टारचा काळपट रंग मळ नव्हे, तो धातूचाच. कुठे हिरवा कळंक धरला असेल तर लाकडी टूथपिकने, कोरडाच, हलक्या हाताने काढा.

साफसफाईच्या आधी फोटो काढा. मेडल घडी घातलेल्या टॉवेलवर उभं धरा, उजेड एका बाजूने येऊ द्या आणि थोडंथोडं फिरवत कडेचे आठ फोटो घ्या. समोरून पडलेल्या उजेडात अक्षरं दिसत नाहीत, तिरप्या उजेडात सावली पडून उठून येतात. स्टारला अशी जाड कड नसते, त्यामुळे त्याची पाठ पाहा. फ्रेममध्ये एकदा बसली की कडा कुणालाच दिसणार नाहीत. म्हणून या फोटोंचा एक छापील कागद फ्रेमच्या मागच्या बाजूला लिफाफ्यात घालून चिकटवा.

फ्रेम साधी चालत नाही, चार-पाच सेंटिमीटर खोल पेटीसारखी हवी. फ्रेमवाला मागे प्लाय किंवा एमडीएफ आणि वर मखमल लावून देतो. नव्या प्लायमधून आंबट वाफ निघत राहते आणि बंद काचेमागे धातू काळवंडतो. लोकरीच्या कापडाचाही हाच दोष. आतून अॅसिडविरहित जाड बोर्ड लावायला सांगा, त्यावर दोन-तीनदा धुतलेलं साधं सुती कापड. मेडल्स चिकटवायची नाहीत. फीत मागून सुती दोऱ्याने चार टाक्यांत शिवायची. गोंद, दुतोंडी टेप, गरम गोंदाची बंदूक यांतलं काहीही फितीला लागलं की ती फीत गेली. क्रम पाहणाऱ्याच्या डावीकडून सुरू होतो, कारण अंगावर ज्येष्ठ मेडल छातीच्या मध्याजवळ असतं. बाबांचा मेडल्स लावलेला फोटो असेल तर तोच क्रम उचला.

फीत फाटली असेल तर नवी मिळते. रुंदी ३२ मिलिमीटर, आणि महूच्या बाजारात फौजी सामानाच्या दुकानात मेडलचं नाव सांगितलं की कापून देतात. जुनी फीत टाकू नका, त्याच लिफाफ्यात ठेवा. आणि फ्रेम पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात फितीचे रंग दोन उन्हाळेही धड टिकत नाहीत.

प्रश्न : पुण्यतिथीला मुलाने आजोबांची मेडल्स लावली तर चालेल का? — एक सूनबाई, राजेंद्रनगर

स्वतःची मेडल्स डाव्या छातीवर. दुसऱ्याच्या वतीने, म्हणजे घरच्या वारसाने स्मारकावर वा श्रद्धांजलीच्या वेळी लावायची तर उजव्या छातीवर, साध्या नीट कपड्यांवर. गणवेश घालू नये, मुलालाही घालू नये, गॅदरिंगसाठीसुद्धा.

प्रश्न : अण्णा घरी फौजेबद्दल अवाक्षर काढत नसत. कुठे-कुठे होते ते आईलाही सलग आठवत नाही. पत्रांवर फक्त '५६ एपीओ' असतं, गावाचं नाव नाही. त्यांच्या नोकरीचा आलेख कसा मांडायचा? — दोघी बहिणी, लोकमान्यनगर

पत्त्यावर गाव नसणं हा नियमच होता. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ ही सैन्याच्या टपालाची वाटप-केंद्रं. पत्र तिथे जायचं आणि पुढे पलटण असेल तिथे. ९९ हा आकडा पूर्वेकडच्या भागासाठी. त्यामुळे पत्ता ५६चा ९९ झाला असेल तर अण्णा पूर्वेला गेले, एवढं नक्की कळतं.

त्याहून जास्त सांगतो तो शिक्का. अण्णांनी घरी पाठवलेल्या अंतर्देशीयावर तारखेच्या शिक्क्यात 'एफपीओ' आणि एक आकडा असतो. तो फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर. तोच नंबर वर्ष-दीड वर्ष येत राहिला आणि मग अचानक बदलला तर त्या महिन्यात तळ हलला. नंबरावरून जागा सांगणारे फौजी टपालाचे संग्राहक असतात. एवढ्यासाठीच एक विनंती : तिकिटांचा नाद असलेल्या भाच्याला ही पत्रं देऊ नका. शिक्का कापून घेतलेलं पत्र मुकं होतं.

यानंतर स्वतःच्या शाळेचे दाखले काढा. फौजी घरातल्या मुलांच्या टीसीएवढा भरवशाचा पुरावा दुसरा नाही. प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, गाव, आणि कारणाच्या रकान्यात 'वडिलांची बदली'. थोरली दोन केंद्रीय विद्यालयांत शिकली असेल तर तिच्या टीसींवरून त्या वर्षांतली कुटुंबाची मुक्कामाची गावं महिन्यापर्यंत ठरतात. मधला जो काळ तुम्ही आजोळी किंवा इंदुरात काढलात, तो बहुधा अण्णांच्या फील्ड पोस्टिंगचा, कारण तिथे कुटुंब नेता येत नाही. याशिवाय मिलिटरी हॉस्पिटलचा जन्मदाखला, गॅस कनेक्शन हलवल्याची पावती, सायकल किंवा रेडिओचं लायसन, बँकेचं जुनं पासबुक, लग्नातल्या आहेराच्या वहीतली गावांची नावं. यांतल्या एकेकाला किंमत नाही, पण ती एकत्र केली की कोडं सुटतं.

एक मोठी वही घ्या आणि आडवे पाच रकाने पाडा : पासून, पर्यंत, कुठे, हुद्दा, कशावरून. पाचवा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. 'आई म्हणते' हेही चालेल, पण तसंच लिहा. पेन्सिलीने लिहा, कारण पहिल्या महिन्यात निम्मं खोडावं लागतं.

आणि पेटीचं झाकण पाहायचं विसरू नका. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण रंगवलेली असते. बढती झाली की जुनं पुसून त्यावरच नवं. खोलीत अंधार करून टॉर्च झाकणाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. 'हवालदार'च्या खालून 'नायक'ची उंचवटलेली कड दिसते, कधी जुन्या पलटणीचा आकडा. याच कारणाने पेटीला नवा रंग देऊ नका. गंज आतून कोरड्या ब्रशने झाडा, बाहेरून रंगहीन मेणाचं पॉलिश पुसटसं लावा, अक्षरं सोडून.

प्रश्न : वडिलांचं सर्व्हिस रेकॉर्ड मागवता येतं का? कुणाकडे मागायचं? — एक निवृत्त शिक्षक, स्नेहलतागंज

येतं, पण दिल्लीला सरसकट पत्र पाठवून उपयोग नाही. जवान आणि जेसीओंचं रेकॉर्ड त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं आपल्या सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, ईएमईचं, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती दलाचं, सिकंदराबादला. हवाई दलाचं नवी दिल्लीत सुब्रतो पार्कला, नौदलातल्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला. अधिकाऱ्यांचं मात्र दिल्लीच्या सेना मुख्यालयाकडे.

अर्जात नंबर, जेसी नंबर असल्यास तोही, हुद्दा, नाव, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर. सोबत डिस्चार्ज बुकची प्रत, मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा. काय हवं ते नेमकं मागा : 'पोस्टिंगचा तपशील, मिळालेली मेडल्स, बढत्यांच्या तारखा'. 'संपूर्ण फाइल' असं मोघम मागितलं की उत्तर येतं डिस्चार्ज बुकात आधीच आहे तेवढंच. दोन महिन्यांत काहीच आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून तोच अर्ज करा. त्याला ३० दिवसांची मुदत असते आणि झेरॉक्सचे पानाला २ रुपये.

अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, नाव. फौजेत मधलं नाव गाळून, आडनाव इंग्रजीत कारकुनाला सुचेल तसं लिहिलं गेलं. साळुंखे, साळुंके, सोळंकी अशी तीन रूपं एकाच घरात आढळतात. डिस्चार्ज बुकातलं स्पेलिंग जसंच्या तसं द्या, तुमच्या आधार कार्डावरचं नव्हे. दुसरं, पत्ता. रेकॉर्डमध्ये भरतीच्या वेळचं गाव असतं, म्हणजे सातारा-कोल्हापूरकडचं, इंदूरचं नाही. तिसरं दुःखद आहे : पेन्शन न घेता पाच-सात वर्षांत बाहेर पडलेल्यांची सेवा-कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. मागे उरते ती लाँग रोलमधली, म्हणजे भरती झालेल्यांच्या कायमच्या यादीतली, एक ओळ. ती ओळ तरी द्या, असं स्पष्ट लिहा.

प्रश्न : आमचे वडील आधी होळकरांच्या फौजेत होते, मग भारतीय सेनेत गेले. त्यांचा मराठा रेजिमेंटशी संबंध असेल असं समजून बेळगावला लिहिलं, नकार आला. — एक वाचक, रामबाग

माणूस मराठी म्हणून रेजिमेंट मराठा असेल, हा समज इंदूर-ग्वाल्हेरकडे नेहमी फसवतो. संस्थानी फौजा सामावून घेतल्या गेल्या तेव्हा इंदूर इन्फन्ट्रीची पलटण कुमाऊं रेजिमेंटमध्ये गेली आणि १५ कुमाऊं झाली. ग्वाल्हेरच्या एका पलटणीची १४ कुमाऊं झाली. म्हणून तुमचं पत्र उत्तराखंडात रानीखेतला जायला हवं, कुमाऊंच्या रेकॉर्ड ऑफिसला. विलीनीकरणाआधीची नोकरी तिथे नसेल तर होळकर दरबारच्या कागदांसाठी भोपाळचं राज्य अभिलेखागार.

हुद्द्याचीही गंमत लक्षात ठेवा. जुन्या कागदांत 'जमादार' दिसलं तर दचकू नका. आजच्या नायब सुभेदाराला १९६५पर्यंत जमादार म्हणत. नातवंडांना तो शब्द वेगळ्याच अर्थाने माहीत असतो, त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

प्रश्न : जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत, निघत नाहीत. काहींत वडील कोणते हेच कळत नाही. — एक वाचक, इंदूर

ते अल्बम फोटोंचे शत्रूच. पानावरचा गोंद वर्षं जातील तसा पिवळा आणि घट्ट होतो. नखाने किंवा सुरीने उचकटू नका, कोपरा वाकला की वरचा थर तडकतो. दातांत फिरवायचा मेण नसलेला धागा घ्या, एक हातभर. फोटोच्या वरच्या कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा मागेपुढे ओढत खाली या. फोटो वर ओढायचा नाही, धाग्यालाच काम करू द्या. अडला तर थांबा, पान अख्खं कापा आणि तसंच स्कॅन करा. केस वाळवायचं यंत्र लावण्याचा सल्ला लोक देतात. काळ्या-पांढऱ्या जुन्या फोटोंना तो मानवत नाही, फोटो वळतो.

स्कॅन ६०० डीपीआयला, पासपोर्टएवढा असेल तर १२००ला. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, व्हॉट्सअॅपसाठी वेगळी जेपीईजी काढा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, 'सप्रेम भेट' बहुधा तिथेच असतं. फोटोवर बॉलपेनने नावं लिहू नका, पुढे उमटतं. मागच्या कडेला मऊ पेन्सिलीने लिहा. लॅमिनेशन तर कधीच नको.

ओळखायचं कसं? बाहीवर पाहा. 'व्ही'च्या आकाराची एक फीत लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. खांद्यावर पाहा. दोन तारे दिसले की घरचे 'लेफ्टनंट होते' म्हणून मोकळे होतात. पण ताऱ्यांशेजारी आडवी पट्टी असेल तर तो सुभेदार. रंगात ती लाल-पिवळी-लाल असते, काळ्या-पांढऱ्या फोटोत गडद-फिकट-गडद अशी दिसते. एक तारा आणि पट्टी नायब सुभेदार, सिंहमुद्रा आणि पट्टी सुभेदार मेजर. छातीवरच्या रंगीत फिती मोजा. कमी फिती तो आधीचा फोटो. १९७१च्या स्टारची फीत आहे की नाही, एवढ्यावरून निम्मे फोटो दोन ढिगांत पडतात.

पलटणीच्या ग्रुप फोटोला खाली नावांची पट्टी असेल तर फोटो कार्डावरून सोडवू नका आणि कडा कापून लहान फ्रेममध्ये बसवू नका. खुर्च्यांवरची रांग अधिकारी आणि जेसीओंची. वडील मागच्या रांगेत उभे असतील तर एका वर्षी, खुर्चीवर असतील तर दुसऱ्या, हे दोन फोटो शेजारी ठेवले तर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : नानांचा लोकरी कोट आणि टोपी आहे. डांबरगोळ्या टाकल्या आहेत, तरी कसर लागली. — एक वाचक, इंदूर

डांबरगोळी कसरीला लांब ठेवते, पण आत शिरलेल्या अळीचं काही करत नाही. शिवाय बटणं, प्लास्टिकच्या नावपट्ट्या खराब करते. कोट झटकून, खिसे आणि कॉलरखालचा भाग ब्रशने साफ करून, जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर दव धरतं आणि बटणांना कळंक येतो. नंतर धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळा. हँगरवर टांगू नका, खांदे लोंबतात. बाह्यांत चुरगळलेला पांढरा कागद घाला, वर्तमानपत्र नको. पितळी बिल्ला चामड्याच्या पट्ट्यावर लावलेला असेल तर काढून वेगळा ठेवा, चामड्यातल्या तेलानेच तो हिरवा पडतो. पावसाळ्यात पेटी उघडायची नाही. दिवाळीनंतर एकदा आणि होळीला एकदा उघडली की पुरे.

प्रश्न : वडील ८१व्या वर्षी गेले. आईला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळेल असं सगळे म्हणत होते, प्रत्यक्षात कमी आली. आईच्या नावातही घोळ निघाला. — एक मुलगा, इंदूर

खरं तर हा या सदराचा विषय नाही, पण पत्रं बरीच आली म्हणून थोडक्यात. शेवटच्या पगाराच्या ५० टक्के हा वाढीव दर निवृत्तिवेतनधारक गेल्यावर ७ वर्षं, किंवा ते ६७ वर्षांचे झाले असते तोवर, यांत जे आधी येईल तोपर्यंतच. ८१व्या वर्षी गेलेल्यांच्या पत्नीला सुरुवातीपासून ३० टक्के. आईला ८० पूर्ण झाली की त्यात २० टक्के वाढ, म्हणून तिच्या जन्मतारखेचा पुरावा आताच ठीक करून ठेवा. नावाचा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे : पीपीओत माहेरचं नाव, आधारवर सासरचं बदललेलं. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीला पाठवा. वडील हयात असतानाच हे केलं तर एका अर्जात होतं.

प्रश्न : श्रद्धांजलीच्या जाहिरातीत हुद्दा कसा लिहावा? — एक वाचक, इंदूर

हुद्दा, नाव, मग कंसात निवृत्त. 'सुभेदार अमुक तमुक (निवृत्त)'. 'निवृत्त सुभेदार' नको, निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही. निवृत्तीच्या सुमारास ऑनररी कॅप्टन झाले असतील तर 'ऑनररी' गाळू नका. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत मोजक्या जेसीओंना मिळणारा तो मान आहे, तो लपवून साधा कॅप्टन करण्यात कमीपणाच. तिरंगा छापू नका.

प्रश्न : बाबांचे एक सोबती महूला आहेत, वय ८६, कमी ऐकू येतं. त्यांच्याकडून आठवणी घ्यायच्या आहेत. — एक मुलगी, इंदूर

लवकर जा, आणि सकाळी दहाच्या सुमारास जा. एका बैठकीला पाऊण तास पुरे. फोन फ्लाइट मोडवर टाकून त्यांच्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, टेबलावर थेट ठेवला तर कपाचा प्रत्येक आवाज धडाम येतो. पंखा बंद करवत नसेल तर फोन पंख्याखाली नको. कमी ऐकू येणाऱ्याला प्रश्न ओरडून विचारण्यापेक्षा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवा. उत्तर नीट येतं आणि रेकॉर्डिंगही खराब होत नाही.

'युद्धात काय झालं?' असं विचाराल तर वर्तमानपत्रात छापून आलंय तेच ऐकायला मिळेल. वस्तूवरून विचारा. बिस्तरबंदात काय-काय असायचं? लंगरमध्ये सकाळी काय? रजा मंजूर झाली की गाडी कुठून, किती ठिकाणी बदलायची? बाबांचा बंकमधला शेजारी कोण? टोपणनाव काय होतं? जुना ग्रुप फोटो मोठ्या आकारात छापून न्या आणि त्यांच्या हातात पेन्सिल द्या. नाव आठवलं की बोट थांबतं, मग गोष्ट येते. एखाद्या ठिकाणी ते गप्प झाले तर रेकॉर्डिंग चालू ठेवून तुम्हीही गप्प बसा. तारखांवरून त्यांना दुरुस्त करू नका. घरी आल्यावर वहीतल्या पाचव्या रकान्यात त्यांचं नाव घालून लिहा, जुळणी नंतर. हिंदीत बोलले तर हिंदीतच उतरवा. पलटणीतला विनोद मराठीत आणला की मरतो.

प्रश्न : पेटीच्या तळाशी बंदुकीची दोन काडतुसं आणि एक पितळी फुलदाणी सापडली. फुलदाणी तोफेच्या गोळ्याची आहे म्हणतात. — एक वाचक, इंदूर

काडतुसं उचलून खिशात घालून पोलीस ठाण्यात नेऊ नका. आहेत तिथेच राहू द्या, मुलांना खोलीबाहेर काढा आणि ठाण्यात फोन करा. पुढे गोळीचं टोक आहे आणि बुडाच्या मधल्या गोल टिकलीवर खड्डा नाही, तर ते जिवंत समजायचं, कितीही जुनं असो. टोक नसलेलं, टिकलीवर खड्डा पडलेलं ते झाडलेलं रिकामं. शंका आली की जिवंतच धरा. वडिलांच्या नावावर परवान्याची बंदूक असेल तर ती घरात ठेवून वाट पाहू नका, ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्या आणि मग वारसाच्या नावे अर्ज करा.

फुलदाणी बहुधा झाडलेल्या तोफगोळ्याचं कवच असेल. फौजेच्या वर्कशॉपात कडा वळवून, नक्षी ठोकून अशा फुलदाण्या होत. तिचं बूड पाहा : मधली टिकली काढून टाकलेली किंवा खड्डा पडलेली असली पाहिजे. तसं नसेल तर तीही काडतुसांबरोबर दाखवा. रिकामी असल्याची खात्री पटली की ती घरात राहू शकते, आत पाणी मात्र घालू नका. बुडावरच्या गोलात इंग्रजी अक्षरं आणि वर्ष ठोकलेलं असतं, ते उतरवून घ्या. काडतुसांच्या बुडावरही असतं, पण ते पोलिसांसमोर, हात न लावता. तिथे 'के' आणि 'एफ' ही अक्षरं दिसली तर माल पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातला.